प्रॉम्प्टवरून कथालेखनाचा सराव: प्रौढपणी लिहू लागणाऱ्यांसाठी

प्रौढ वयात कथा लिहायला बसणाऱ्या माणसाला सहसा दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे वाचनाने तयार झालेली अभिरुची. वीस-तीस वर्षे चांगले वाचलेले असल्यामुळे आपल्या पहिल्याच परिच्छेदातील उणिवा त्याला लख्ख दिसतात आणि हात थांबतो. दुसरी म्हणजे रोजच्या कामातील लेखनाची सवय. अहवाल, अर्ज, टिपणे यांत आपण आधी निष्कर्ष सांगतो आणि मग कारणे देतो. कथेत मात्र निष्कर्षापर्यंत वाचकाला स्वतः पोहोचू द्यायचे असते, आणि ही उलटी वाट अंगवळणी पडायला वेळ लागतो. या दोन्ही अडचणींवर प्रॉम्प्ट, म्हणजे लेखनाला चालना देणारी एखादी ओळ, प्रसंग किंवा अट, हा चांगला उपाय आहे. विषय दुसऱ्याने दिलेला असल्यामुळे ‘मला नेमके काय सांगायचे आहे’ हा दडपण आणणारा प्रश्न बाजूला राहतो, आणि जे लिहिले जाणार ते सरावाचे आहे हे आधीच ठरलेले असते.

बहुतेक जण प्रॉम्प्टकडे कल्पना मिळवण्याचे साधन म्हणून पाहतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग एका वेळी एकच कौशल्य घोटण्यासाठी आहे. गाणे शिकणारा एकच पलटा महिनोन्महिने गळ्यावर चढवतो, तसा एकच प्रॉम्प्ट चार-पाच वेळा वेगवेगळ्या अंगांनी लिहिणारा माणूस रोज नवा प्रॉम्प्ट उचलणाऱ्यापेक्षा लवकर पुढे जातो. पुढील सर्व सूचना या मताला धरून आहेत.

प्रॉम्प्टकडून काय अपेक्षा ठेवावी

साहित्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रॉम्प्ट बहुधा १८१६ सालचा आहे. त्या वर्षीच्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठच्या एका बंगल्यात मुक्कामाला असलेल्या इंग्रज कवी लॉर्ड बायरनने सोबतच्या मंडळींना सुचवले की आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. स्वतः बायरनने थोडे लिहून ते सोडून दिले. त्याचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याने पुढे त्याच अर्धवट तुकड्यावरून एका रक्तपिपासू सरदाराची कथा रचली आणि ती १८१९ मध्ये छापली गेली. त्याच मंडळींतली मेरी शेली तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला बरेच दिवस काहीच सुचले नाही. रोज सकाळी ‘गोष्ट सुचली का?’ असे विचारले जाई आणि रोज नाही म्हणावे लागे, असे तिने आपल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीच्या १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. ती कादंबरी पहिल्यांदा १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

या घटनेतून नवोदिताने दोन गोष्टी घ्याव्यात. एकाच सूचनेवरून एकाने हात टेकले, दुसऱ्याने उसन्या तुकड्यावर कथा बांधली आणि तिसरीने नवाच प्रदेश उघडला. म्हणजे सूचना साधीच होती, फरक तिच्यावर केलेल्या कामात होता. आणि काही न सुचण्याचे दिवस हा कामाचाच भाग असतो. ते दिवस प्रॉम्प्ट बदलत घालवले तर हाती काही लागत नाही, कारण मनाला एका जागी थांबून खणायची सवयच लागत नाही.

निवड

काही प्रॉम्प्ट इतके विशाल असतात की ते काहीच देत नाहीत: ‘एकटेपणा’, ‘पाऊस’, ‘माणुसकीवर एक कथा लिहा’. त्यांवर निबंध होतो. दुसऱ्या टोकाला, संपूर्ण कथानक सांगून टाकणारे प्रॉम्प्ट असतात, ज्यांत लिहिणाऱ्याला केवळ रिकाम्या जागा भराव्या लागतात. उपयोगी प्रॉम्प्टमध्ये एक माणूस असतो, त्याच्यावर आत्ता, या क्षणी कसला तरी दाब असतो, आणि एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नसते. ‘एक स्त्री वडिलांचे घर विकण्यापूर्वी शेवटचे पाहायला येते’ हा बरा प्रॉम्प्ट आहे. ‘एक स्त्री वडिलांचे घर विकण्यापूर्वी शेवटचे पाहायला येते, आणि घर घेणारा माणूस तिच्यासोबत आहे’ हा त्याहून पुष्कळ चांगला आहे, कारण आता तिला मोकळेपणाने रडताही येणार नाही.

कल्पनाशक्तीच अडून बसली असेल तर इटालियन लेखक जानी रोदारी यांची पद्धत वापरून पाहावी. मुलांबरोबर केलेल्या प्रयोगांवर आधारलेल्या त्यांच्या १९७३ सालच्या पुस्तकात ते परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायला सांगतात. त्यांचे उदाहरण ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ असे आहे. मराठीत असे शब्द जोडण्याचे काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये फार सहज करतात. कपाटातला कुत्रा, कपाटामागचा कुत्रा, कुत्र्याचे कपाट, कुत्र्यासाठी विकत घेतलेले कपाट: प्रत्येक जोडीत वेगळा माणूस आणि वेगळा पेच दडलेला आहे. ही पद्धत मुलांसाठी म्हणून प्रौढांनी कमी लेखू नये. शेवटची जोडी घेतली तर एवढा खर्च कुत्र्यासाठी कोण करते आणि घरातील इतरांना त्याबद्दल काय वाटते, या दोन प्रश्नांतच कथा सुरू होते.

इंटरनेटवर मिळणारे बरेच प्रॉम्प्ट इंग्रजीत असतात. त्यांचा शब्दशः अनुवाद करून लिहायला बसू नये, कारण त्यांतील माणसे, त्यांची बोलण्याची ढब आणि त्यांच्यातील अंतर हे सर्व त्या भाषेबरोबर आलेले असते. त्यातला पेच तेवढा उचलावा आणि तो ज्यांच्या तोंडची भाषा आपल्याला ऐकू येते अशा माणसांवर घालावा.

लिहिण्याची बैठक

नोकरी, घर आणि जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या माणसाने वीस ते पंचवीस मिनिटांची बैठक धरावी आणि ती शक्यतो ठरलेल्या वेळी असावी. प्रॉम्प्ट आदल्या संध्याकाळी निवडून ठेवावा. बसल्यावर निवडायला गेले तर अर्धा वेळ यादी चाळण्यात जातो, आणि यादी चाळताना काहीतरी केल्याचे समाधान मिळत असल्यामुळे हा धोका लवकर लक्षातही येत नाही.

बसल्यावर पहिली तीन मिनिटे कथा लिहू नये. प्रॉम्प्ट वाचून मनात येणारी पाच-सहा उत्तरे एकेका ओळीत मांडावीत आणि पहिली दोन खोडून टाकावीत. पहिली उत्तरे बहुतेक वेळा वाचलेल्या कथांतून आणि पाहिलेल्या चित्रपटांतून आलेली असतात. घर विकायला आलेल्या स्त्रीचेच घ्या: पहिल्यांदा मनात येते ते दाराच्या चौकटीवरील, मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा, आणि त्यापाठोपाठ माळ्यावर सापडलेले वडिलांचे जुने पत्र. दोन्ही चित्रे वाईट नाहीत, परंतु ती वाचकाने आधीच पाहिलेली आहेत. चौथ्या-पाचव्या उत्तराशी पोहोचेपर्यंत उसना साठा संपतो आणि स्वतःच्या निरीक्षणातून काहीतरी वर येऊ लागते.

त्यानंतर घड्याळ लावून लिहीत राहावे आणि मागे जाऊन खोडू नये. न थांबता लिहिण्याची ही रीत पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ च्या पुस्तकात सविस्तर मांडली आणि ती जगभर रुजली. कथेसाठी तिला एक जोड द्यावी लागते. नुसते न थांबता लिहिले तर पात्राचे विचारच पानभर वाहत राहतात आणि घडत काहीच नाही. म्हणून अडखळल्यावर ‘आत्ता याचे हात काय करत आहेत?’ हा प्रश्न स्वतःला विचारून त्याचे उत्तर लिहावे. हात काही करू लागले की खोली दिसू लागते, खोलीतील दुसरा माणूस दिसतो, आणि दोघांमध्ये काहीतरी घडणे अपरिहार्य होते.

एक उदाहरण जवळून

घराच्या त्याच प्रॉम्प्टवर पहिल्या बैठकीत सहसा असे लिहिले जाते:

“घरात पाऊल ठेवताच तिचे सारे बालपण डोळ्यांसमोर उभे राहिले. वडिलांच्या आठवणीने तिचा ऊर भरून आला. हे घर आता परक्याचे होणार या विचाराने तिला अतीव दुःख झाले.”

यात भाषेची चूक एकही नाही. तरी वाचकाला त्या स्त्रीबद्दल काहीही कळलेले नाही, कारण ही तीन वाक्ये कोणत्याही घरात शिरणाऱ्या कोणत्याही मुलीला लागू पडतात. आता दुसऱ्या बैठकीसाठी एक अट घालावी: दुःख, आठवण, बालपण आणि वडील हे शब्द वापरायचे नाहीत. भावना थेट न सांगता ती दृश्यातून पोहोचवण्याच्या या अटीचा एक प्रसिद्ध नमुना अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनर यांनी दिला आहे. युद्धात मुलगा गमावलेल्या बापाच्या नजरेतून एका कोठाराचे वर्णन करावे, पण मुलगा, युद्ध आणि मृत्यू यांचा उल्लेखही करू नये, असा तो सराव आहे. आपल्या प्रॉम्प्टवर त्या अटीने असे काही येऊ शकते:

“त्याने स्वयंपाकघरातील नळ सोडला. पाण्याची बारीक धार आली.
‘जोर नाही पाण्याला,’ तो म्हणाला.
‘आधी उलटा फिरवावा लागतो,’ ती म्हणाली, ‘मग सुलटा.’ तिने पुढे होऊन नळ फिरवला. पाणी भांड्यावर आपटावे तसे जोरात आले.
‘असू द्या. मी सगळे नळ बदलूनच घेणार आहे.’
तिने नळ बंद केला आणि थेंब थांबेपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.”

दोन्ही उताऱ्यांत फरक कुठे पडला हे नीट पाहावे. ती या घरात किती वर्षे राहिली हे कुठेही लिहिलेले नाही, पण नळाची खोड माहीत असणे म्हणजेच ती वर्षे. घेणारा माणूस दुष्ट नाही. तो व्यवहाराचे आणि अगदी रास्त बोलतो आहे, आणि त्याला कल्पना नसताना ते वाक्य तिला लागते. शेवटच्या कृतीचा अर्थ लेखकाने सांगितलेला नाही. तो सांगण्याचा मोह इथे फार होतो, आणि अटीचा उपयोग हाच की ती तो मोह अडवते.

पुन्हा तोच प्रॉम्प्ट

उदाहरण इथे सोडून नव्या प्रॉम्प्टकडे वळू नये. तिसऱ्या बैठकीत हीच भेट घेणाऱ्याच्या बाजूने लिहावी: त्याने आयुष्यभराची बचत या घरात घातली आहे आणि ही बाई आयत्या वेळी मन बदलेल की काय अशी त्याला भीती आहे. नळाशी घुटमळणारा तिचा हात आता त्याला धोक्याची खूण वाटेल. चौथ्या बैठकीत केवळ संवाद ठेवावा, निवेदनाचे एकही वाक्य नको. पाचव्यात काळाशी खेळावे: त्या घरातील चाळीस वर्षे एका परिच्छेदात बसवावीत आणि नळ बंद करण्याचे काही सेकंद अर्ध्या पानावर पसरावेत. प्रसंग कुठे सविस्तर दाखवावा आणि काळ कुठे एका वाक्यात ओलांडावा, हा निर्णय कथेत जागोजागी घ्यावा लागतो आणि केवळ वाचून तो येत नाही.

फ्रेंच लेखक रेमों क्नो यांनी १९४७ साली बसमधील एक क्षुल्लक प्रसंग ९९ वेगवेगळ्या शैलींत लिहून पुस्तक केले. एवढ्या टोकाला जाण्याची कोणालाच गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कंटाळा येतो, तो मात्र ओलांडून पाहावा. प्रसंगातील सोपे सगळे तोवर वापरून झालेले असते आणि त्यापुढे जे येते ते बहुधा पहिल्यापेक्षा खरे असते.

स्वतःची कमतरता ओळखून अट बदलावी, हे सर्वांत महत्त्वाचे. संवाद कृत्रिम वाटत असतील तर असा प्रॉम्प्ट घ्यावा ज्यात दोन माणसांना एकमेकांकडून काहीतरी हवे आहे आणि दोघांनाही ते तोंडाने मागता येत नाही. मग त्यांना भलत्याच विषयावर बोलू द्यावे. मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती इथे एक मोठे साधन आहे. दोन माणसे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात, किंवा इतकी वर्षे ‘तू’ म्हणणारा अचानक ‘आपण’ म्हणतो, त्या एका सर्वनामात संपूर्ण नाते हलते, आणि त्यावर भाष्य करण्याची गरज उरत नाही. असा बदल नेमका एकदाच घडेल असे एक पान लिहून पाहावे. निवेदनाची भाषा आणि पात्राच्या तोंडची भाषा वेगळी ठेवण्याचा सरावही याच वेळी करावा. नवोदितांच्या कथांत सगळी पात्रे लेखकासारखीच शुद्ध बोलतात, हा दोष फार वेळा दिसतो.

वर्णन लांबत असेल तर पात्र घाईत असल्याची अट घालावी. शेवट जमत नसतील तर शेवटचे वाक्य आधी ठरवून उलटे यावे. नायक नेहमी आपल्यासारखाच होत असेल तर ज्याच्याशी आपले अजिबात पटणार नाही अशा माणसाला कथा सांगू द्यावी आणि त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडावी.

लिहून झाल्यावर

त्या दिवशी वाचू नये. वहीत प्रॉम्प्ट, घातलेली अट आणि तारीख नोंदवून ती मिटावी. आठवड्याने वाचताना दोनच गोष्टी शोधाव्यात. कुठले वाक्य जिवंत आहे, आणि कथा खरोखर कुठे सुरू होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात सापडते, कारण आधीचा मजकूर लेखकाने स्वतःला तयार करण्यासाठी लिहिलेला असतो. तो काढून टाकण्याची सवय लवकर लावून घ्यावी.

एखादा तुकडा कथेपर्यंत वाढवायचा असेल तर तो प्रॉम्प्ट माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्यावा. सरावाचे लेखन नकळत प्रॉम्प्टच्या आधारावर उभे असते. लिहिणाऱ्याला परिस्थिती ठाऊक असते म्हणून ती पानावर आलीच नसल्याचे त्याच्या ध्यानात येत नाही. वाढवण्याजोगा तुकडा ओळखण्याची खूणही सांगण्यासारखी आहे: प्रॉम्प्ट विसरला गेला तरी त्यातील माणूस दिवसभर मनात येत राहतो. असे झाले की प्रॉम्प्टशी इमान राखण्याचे कारण नाही. घर, विक्री, घेणारा माणूस हे सगळे काढून टाकावे लागले तरी चालेल.

तीन-चार जण मिळून एकच प्रॉम्प्ट लिहून मोठ्याने वाचत असतील तर सराव टिकतो. ऐकणाऱ्याने ‘छान’ किंवा ‘जमले नाही’ असे न म्हणता आपल्याला काय दिसले आणि लक्ष कुठे सुटले एवढेच सांगावे. त्याहून अधिक टीका कच्च्या लेखनाला सोसत नाही, आणि कमी टीकेतून लेखकाला काही मिळत नाही.

प्रौढ माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिची पूर्वकल्पना असलेली बरी. निरुपद्रवी वाटणारा प्रॉम्प्ट एखाद्या जुन्या जखमेपाशी घेऊन जातो: तुटलेले लग्न, न केलेली क्षमा, एखाद्याचा मृत्यू. त्या दिवशी थांबावेसे वाटले तर खुशाल थांबावे. सरावासाठी स्वतःला सोलून काढण्याची आवश्यकता नाही. पुढे जायचे ठरले तर पात्राचे वय, व्यवसाय, नाते बदलावे. या बदलाने जवळच्या माणसांचे खासगीपण राखले जाते, आणि आपल्यालाही जे प्रत्यक्षात घडले त्यातून सुटून जे घडू शकले असते त्याकडे पाहता येते.

स्वतःचे प्रॉम्प्ट

काही महिन्यांनी दुसऱ्यांचे प्रॉम्प्ट अपुरे वाटू लागतात. तेव्हा आपले स्वतःचे तयार करावेत. विशीतल्या लेखकाकडे नसलेली एक संपत्ती इथे कामी येते, ती म्हणजे एखादे काम आतून माहीत असणे. रुग्णाची नाडी पाहणे, हिशेब जुळवणे, कापड बेतणे, वर्ग शांत करणे, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणे, यांतील ज्या कामाच्या खाचाखोचा आपल्याला माहीत आहेत आणि बाहेरच्यांना नाहीत, ते निवडावे. मग त्यावर एक दाब ठेवावा: हिशेब जुळवणाऱ्याला फरकाची रक्कम कोणी घेतली हे पहिल्या पाच मिनिटांतच कळले आहे, आणि तो माणूस समोरच्या खुर्चीत बसून निकालाची वाट पाहत आहे. कामाचा तपशील अचूक लिहावा आणि पात्राच्या मनात काय चालले आहे ते एकाही वाक्यात सांगू नये. आकडे तपासणारे बोट कोणत्या ओळीवर थांबते, आणि समोरच्याने काही विचारल्यावर ते पुढे सरकते की नाही, इथून पहिली बैठक सुरू करता येईल. दुसरी बैठक समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या बाजूने लिहावी.